गढीवरची इर्जिक

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या एका गावात एक दोर वळणारा राहत असे. माणूस कमालीचा भित्रा. पान हललं तरी दचकायचा.

गावाच्या डोक्यावर गढी होती आणि गढीत राजाने बसवलेला गढीवाला. मनाला येईल ते न्यावं, दिसेल त्याला राबवावं, हा त्याचा न्याय. एके दिवशी त्याने दोरवाल्याची मुलगीच उचलून नेली.

बाप चावडीवर आला. तो म्हणाला, "उद्या माझी इर्जिक आहे. बैल घेऊन या."

गावाची रीतच होती. एकट्याला न पेलणारं काम निघालं की तो इर्जिक घाली. सारं गाव बैल घेऊन येई. मजुरी कुणी मागत नसे. ज्याचं काम, त्याने जेवू घालायचं.

"तुला रे कुठलं शेत?" कुणीतरी विचारलं.

"शेत नाही. गढीचा दरवाजा ओढायचाय."

कुणी हसलं नाही. गढीने न रडवलेलं घर गावात उरलं नव्हतं.

सकाळी त्याचेच दोर दरवाजाला बांधले आणि गावातले झाडून सारे बैल जुंपले. दरवाजा कोसळला. मुलगी धावत बापाकडे आली. गढीवाला मात्र त्या गर्दीतून जिवंत सुटला नाही.

राजाचा प्रधान चौकशीला आला. "कोणी मारलं?"

"गावानं."

फटके मारले, तरी उत्तर तेच. पण प्रधान बेरकी होता, त्याला रीत ठाऊक होती. "इर्जिकीला धनी असतो," तो म्हणाला. "त्या दिवशी जेवण कोणी घातलं? तोच फासावर जाईल."

मुलीने दोरवाल्याचा हात घट्ट धरला होता. आपल्यापायी गावाने मार का खावा, म्हणून तो हात सोडवून उठला. "मी घातलं, सरकार."

"काय घातलंस रे?" शेजारची म्हातारी खेकसली. "घरात दाणा तरी होता का तुझ्या? पीठ माझं होतं, सरकार."

"डाळ आमची," कुंभार म्हणाला.

"मीठ-मिरची आमच्याकडची."

"सरपण माझं."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. प्रधान गुमान परतला आणि राजाला म्हणाला, "महाराज, फास एक आहे आणि मान अख्ख्या गावाची. गाव लटकवलं तर पेरणार कोण?"

राजाने पुन्हा त्या गढीत कुणाला बसवलं नाही. दोरवाला मुलीला घेऊन घरी गेला आणि मरेपर्यंत पालीला भीत राहिला.

तात्पर्य: जुलमी माणूस एकेकट्याच्या भीतीवर जगतो, ती भीती सगळ्यांनी वाटून घेतली की त्याचं काही चालत नाही.