खारीचा संगणक हळू का झाला?

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, बेहड्याच्या ढोलीत, एक खार राहत असे. त्या जंगलात तोवर घरोघरी संगणक आले होते, पण खारीचा संगणक सर्वांच्या उपयोगाचा होता. कोणत्या झाडाची फळे पिकली आणि कोणती अजून हिरवी आहेत, याची यादी ती त्यावर रोज लिहून ठेवी. ही यादी पाहायला सर्वांत आधी येई तो धनेश पक्षी. मुलांनो, धनेशाची मादी अंडी घालते तेव्हा ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच जाईल एवढी एक फट तेवढी उरते. मग नराने फळे आणावीत आणि त्या फटीतून तिला भरवावीत. त्या वर्षी ढोलीत मादीबरोबर दोन पिल्लेही होती. तिघांचे पोट एकट्या धनेशावर होते.

काही दिवसांपासून खारीचा संगणक फार हळू चालू लागला होता. पहाटे धनेश फांदीवर येऊन बसे, खार बटण दाबे आणि दोघे पडद्याकडे पाहत राहत. यादी उघडेपर्यंत उजाडून जाई. धनेश उंबरावर पोहोचे तेव्हा पिकलेली फळे दुसऱ्या पक्ष्यांनी संपवलेली असत.

"खारूताई, आज जरा लवकर होईल का?" धनेशाने एकदा विचारले. "काल पिल्लांना एकेकच उंबर मिळालं."

"मी काहीच वेगळं केलेलं नाही," खार म्हणाली. "हे असं का होतंय, मलाच कळत नाही."

शेजारच्या झाडावर माकड बसले होते. त्याला प्रत्येक गोष्टीचे उत्तर आधीपासून ठाऊक असे. ते म्हणाले, "त्यात न कळण्यासारखं काय आहे? तू अँटिव्हायरस घातला आहेस ना? तो आत येणारी प्रत्येक गोष्ट हुंगून बघतो. मग उशीर होणारच. काढून टाक."

हे ऐकून साळुंकी खाली उतरली. ती भित्री होती. "छे, काढू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या संगणकात काहीतरी शिरलं असेल, म्हणून तो हळू झालाय. माझ्याकडे दुसरा अँटिव्हायरस आहे, तोही घाल. एकाला दिसलं नाही तर दुसऱ्याला दिसेल."

खारीला दोघांचेही पटले, आणि तिथेच तिची पंचाईत झाली. आधी तिने साळुंकीचे ऐकले. आता संगणकात दोन अँटिव्हायरस झाले. पहिला जे तपासी, ते दुसरा पुन्हा तपासी, आणि मधूनमधून दोघे एकमेकांवरच संशय घेत. संगणक जवळजवळ थांबला. घाबरून खारीने माकडाचे ऐकले आणि दोन्ही काढून टाकले. संगणक थोडा हलला, पण पूर्वीसारखा धावेना. "म्हणजे दोष त्यांचा होता की नव्हता?" खार स्वतःशीच म्हणाली. तिला काही उलगडेना.

त्याच दिवशी दुपारी पडद्यावर एक पत्र आले. 'जंगलातल्या सर्व फळांचा तयार नकाशा, अगदी फुकट,' असे त्यात लिहिले होते. खारीला वाटले, बरे झाले, आपली मेहनत वाचेल. तिने ते उघडले. नकाशा काही निघाला नाही, पण पत्राबरोबर आत शिरलेल्या दुष्ट प्रोग्रामने तिची यादी उलटीसुलटी करून टाकली. हे तिच्या लक्षातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी यादी पाहून धनेश डोंगरापलीकडच्या नांदरुकीच्या झाडावर गेला. तिथे एकही पिकलेले फळ नव्हते. शेजारच्या झाडावर नाही, त्याच्या पुढच्यावरही नाही. दुपारी तो रिकाम्या चोचीने परतला. ढोलीच्या फटीतून पिल्लांचे ओरडणे ऐकू येत होते. मादीने चोच बाहेर काढली आणि काही न मिळाल्यामुळे ती पुन्हा आत घेतली.

धनेश खारीकडे आला. तो रागावला नाही, त्यामुळे खारीला जास्तच वाईट वाटले. "खारूताई, यादी चुकली आहे," एवढेच तो म्हणाला. मग दोघांनी मिळून जवळची झाडे पालथी घातली, संध्याकाळपर्यंत जेमतेम पोटापुरते मिळाले, आणि वाटेत जी झाडे दिसली ती खारीने नव्याने लिहून घेतली. घरी येताच भीतीने तिने दोन्ही अँटिव्हायरस परत घातले. पहिल्याने तो दुष्ट प्रोग्राम शोधून काढला आणि हाकलला. पण संगणक पुन्हा थांबल्यासारखा झाला. घातले तर उशीर होतो, काढले तर घात होतो. खार ढोलीच्या तोंडाशी डोके धरून बसली.

खालून कासव चालले होते. त्याने तिची हकीगत शेवटपर्यंत ऐकली. मग ते म्हणाले, "मी हळू चालतो तो पाठीवरच्या कवचामुळे, असं सगळे म्हणतात. खरं असेल, खोटंही असेल. मला कवच काढून चालून बघता येत नाही, म्हणून मला आजवर कळलेलं नाही. तुला मात्र काढून बघता येतं. मग तू मोजून का बघत नाहीस?"

"मी काढून पाहिलं होतं, आजोबा."

"दोन्ही एकदम घातलेस, दोन्ही एकदम काढलेस. त्यातून कोणाचं काय, हे कसं कळणार? आधी बाहेरचा संपर्क बंद कर, म्हणजे मधल्या वेळात कोणी शिरणार नाही. मग एकेक काढ आणि यादी उघडेपर्यंत आकडे मोज."

खारीने तसे केले. दोन्ही असताना यादी उघडायला एकशे चाळीसपर्यंत मोजावे लागले. साळुंकीचा काढला, तेव्हा साठ. दोन्ही काढले, तेव्हा बावन्न.

"म्हणजे एकामुळे फक्त आठ आकड्यांचा उशीर," खार म्हणाली. "आणि दोघांच्या भांडणामुळे एवढा सगळा." तिने साळुंकीचा काढून टाकला, आपला पहिला परत घातला आणि बाहेरचा संपर्क सुरू केला. प्रश्न सुटला, असे तिला वाटले.

पण पहाटे धनेश आला तेव्हा तिने एकशे दहापर्यंत मोजले. काल संध्याकाळी साठ आणि आज एकशे दहा. खारीला रडू येऊ लागले. "आजोबा, मोजूनही कळत नाही."

कासव ढोलीखालीच झोपले होते. त्याने मान बाहेर काढली. "काल आणि आज यात वेगळं काय आहे?"

खारीने बराच विचार केला. अँटिव्हायरस तोच होता, यादीही तीच होती. "वेळ," ती हळूच म्हणाली. तिने नीट पाहिले. अँटिव्हायरस रोज पहाटे सगळ्या संगणकाची झडती घेत असे. ती वेळ खारीनेच कधीतरी न वाचता ठरवून टाकली होती. तिने झडती दुपारच्या झोपेच्या वेळेला लावली. "पण दोन्ही काढल्यावरही बावन्न लागत होते, ते का?" असे म्हणून तिने आणखी आत पाहिले. तिथे माकडाचे सात खेळ आणि साळुंकीची गाणी होती. संगणक सुरू झाला की तेही सगळे आपोआप सुरू होत. तिने दोघांना विचारून ते काढले आणि पुन्हा मोजले. बावीस.

त्या दिवसापासून धनेश उजाडायच्या आत उंबरावर पोहोचू लागला. महिन्याभराने लिंपलेली भिंत फोडून मादी बाहेर आली आणि तिच्यामागून दोन्ही पिल्ले उडाली.

ही गोष्ट जंगलभर झाली. एक दिवस ससा धापा टाकत आला. "खारूताई, माझाही संगणक हळू झालाय. अँटिव्हायरसमुळे होतो का गं असं? हो की नाही, तेवढंच सांग."

खारीने उत्तर द्यायला तोंड उघडले. हो म्हणावे, तर आठच आकडे. नाही म्हणावे, तर तेही खोटे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "चल तुझ्या घरी. बसून मोजू."

तात्पर्य : रक्षण करणारा थोडा वेळ घेतोच, पण तो किती घेतो हे स्वतः मोजल्याशिवाय सगळा दोष त्याच्या माथी मारू नये, आणि त्याला घराबाहेर तर मुळीच काढू नये.