पाय धुण्याचा खडक

"पण हे कशाला झाडायचं? हे तर इथलंच आहे."

शशांक पराडकरने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा तो गुडघाभर समुद्रात उभा होता आणि त्याच्या हातात रोपांचा ट्रे होता.

बेटाची राखण करत खडकावर बसलेल्या लखमनाथबुवांनी मान वर केली नाही. ते त्याच्या बुटाच्या शिवणीत अडकलेली माती बाभळीच्या काट्याने उकरून काढत होते.

धाकट्या पाणखड बेटाची ही रीत होती. उतरायला जागा एकच, हा खडक. होडीतून आलेल्याने आधी पाण्यात उभं राहायचं, पाय धुवायचे, कपडे झटकायचे, खिसे उलटे करायचे, पिशवी रिकामी करून दाखवायची. मगच वर. कोरडा शिधा तर चालतच नसे. बुवांचं जेवण किनाऱ्यावरून शिजवून येई.

"सायबानू, धुतल्याशिवाय वर येवचा नाय," होडीवाल्या गुणाजी तांडेलाने त्याला निघतानाच सांगितलं होतं. "माझो बापूस पण धुयचो."

शशांकने तेव्हा हसून मान डोलावली होती आणि वहीत लिहिलं होतं, 'सोवळ्याचा प्रकार. रंजक.' तो वनस्पतिशास्त्र शिकलेला होता. आपल्या अभ्यासाचा त्याला अभिमान होता, आणि तो झाकण्याइतका तो अजून मोठा झालेला नव्हता.

खरं तर तो शिष्य व्हायला आला होता. बुवांचे डोळे गेले तर खडकावर कोण बसणार, ही चर्चा त्याने किनाऱ्यावर ऐकली होती, आणि ती जागा त्याला हवी होती. पोचल्या पोचल्या तो बुवांच्या पाया पडायला वाकला, तर बुवांनी पाय आखडून घेतले. तेव्हा त्याला जरा लागलं.

समोरच्या थोरल्या पाणखडवर फार पूर्वी भुईराणी नावाचा पक्षी होता. उडायचं विसरलेला, करपीच्या झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालणारा. एका जत्रेला तिथे तांदळाचं पोतं गेलं. पोत्यात उंदीर होते. तीन वर्षांत थोरल्यावर एक अंडं शिल्लक राहिलं नाही. आता भुईराणी उरली होती ती या धाकट्यावर.

त्यातच दोन वादळांनी इथली करपी मुळासकट उपटली होती. म्हणून लाटांनी किनाऱ्यावर टाकलेल्या बिया वेचून शशांकने पुण्यात दोन वर्षं ही चाळीस रोपं वाढवली होती. स्वतः आजारी असतानाही त्यांना पाणी घालायला तो चुकला नव्हता.

"बुवा, ही बेटाची लेकरं आहेत. माहेरी आणलीयेत मी."

"बरं," बुवा म्हणाले. "ठेव त्यातलं एक इथे."

त्यांनी पांढरं फडकं पसरलं. शशांकने एक रोप पिशवीतून काढून मातीसकट त्यावर ठेवलं.

दोघं बसून राहिले. ऊन वर चढलं. शशांकने एकदा घड्याळ पाहिलं, दोनदा पाहिलं...

मग माती हलली. तिच्यातून एक मुंगी निघाली, बारीक, तांबूस. तिच्यामागे दुसरी. थोड्या वेळाने फडक्यावर रांग लागली, आणि रांगेतल्या बऱ्याच जणींच्या तोंडात पांढरी अंडी होती.

शशांकला ही मुंगी ठाऊक होती. पक्ष्याच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू ती सकाळपर्यंत शिल्लक ठेवत नाही, हे त्यानेच एका लेखात लिहिलं होतं.

"मुळं धुतो मी," तो घाईने म्हणाला. "माती सगळी काढून टाकतो."

"काढ की."

त्याने दुपारभर मुळं धुतली. सतरावं रोप धुऊन झाल्यावर त्याने ते उजेडात धरलं. मुळांच्या जाळीत मुंगीचं एक अंडं तसंच होतं. मग तो थांबला. एकेक करून चाळीसही रोपं त्याने खाऱ्या पाण्यात बुडवली, वर दगड ठेवले आणि तोंड फिरवून बसला. त्याला रडू येत होतं, आणि ते बुवांना दिसू नये असं वाटत होतं.

बुवांनी त्याला चूक म्हटलं नाही, शाबास म्हटलं नाही. डब्यातली अर्धी भाकरी फक्त त्याच्याकडे सरकवली.

खाता खाता शशांकने विचारलं, "भुईराणी दिसते कशी, बुवा? फोटोसुद्धा नाही कुठे."

"मी कुठे पाहिलीय?"

शशांक हसला. बुवा हसले नाहीत.

"सव्वीस वर्षं इथे आहात ना तुम्ही?"

"इथे आहे. या खडकावर."

खडकापासून बेटापर्यंत वाळूची एक चिंचोळी वाट होती. ओहोटीला ती उघडी पडे. वीसेक पावलांची वाट. शशांकने तिच्याकडे पाहिलं, मग बुवांकडे.

"एकदाही गेला नाहीत? मग तुम्ही राखता तरी काय?"

"हा खडक."

"आणि ती आहे हे कशावरून?"

बुवांनी बोट वर केलं. ऐक, अशा अर्थाने. झुडपांतून आवाज आला... टक्, टक्, टक्. रिकाम्या पातेल्यावर कुणी लाकडी पळी वाजवावी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी होडी घेऊन आला. बुवांना डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना ते एवढंच म्हणाले, "दुपारी येतो." बेटावर जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोस असंही म्हणाले नाहीत.

होडी दिसेनाशी झाली. ओहोटी लागली. वाळूची वाट हळूहळू उघडी पडली.

टक्, टक्, टक्.

आवाज अगदी जवळून येत होता. जिला पाहिलेलं जगात कुणी उरलं नव्हतं ती वीस पावलांवर होती, आणि शशांकला ती बघायची होती. अभ्यासासाठी नव्हे. नुसती बघायची होती, लहानपणी एखाद्या बंद पेटीत काय आहे ते बघायचं असे तशी.

त्याने पाय धुतले. पुन्हा धुतले. नखं घासली, पँट दुमडून शिवणी तपासल्या, तिसऱ्यांदा पाय धुतले. मग तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला.

तिथे त्याचं लक्ष घोट्याकडे गेलं. डाव्या घोट्याला आईने बांधलेला काळा दोरा होता. दृष्ट लागू नये म्हणून. दोरा इतका जुना होता की आपल्या पायात काही आहे हेच शशांक विसरला होता. तो खाली वाकला. दोऱ्याच्या गाठीत गवताचं एक कुसळ रुतलेलं होतं, टोकाला टपोरं बी.

पुण्याचं असेल, किंवा बंदरावरचं. कोण जाणे...

त्याने दोरा तोडला, कुसळासकट काडेपेटीत बंद केला आणि खडकावर येऊन बसला. पक्षी बराच वेळ टकटक करत राहिला. शशांकने वाटेकडे पाठ केली नाही, पण तो उठलाही नाही. भरती आली, वाट बुडाली, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि वाईटही वाटलं.

दुपारी होडी आली. बुवांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. गुणाजीने हात देऊन त्यांना पाण्यात उतरवलं. शशांक अदबीने बाजूला झाला आणि त्यांना वर यायला वाट करून दिली.

बुवा वर आले नाहीत. पाण्यातच उभे राहिले.

शशांकला कळेना. मग बुवांनी एक पाय उचलून खडकाच्या कडेवर ठेवला, त्याच्यासमोर. आदल्या दिवशी आखडून घेतलेला तोच पाय. हात जोडून शशांक डोकं टेकायला खाली वाकला.

बुवांनी तळहाताने त्याचं कपाळ अडवलं.

"ते नको. बोटांच्या मधे बघ, नखांखाली बघ... आणि गुरू आहे म्हणून सोडू नकोस."