ठकाईने हात वर केला

माणदेशातल्या बोरजाईच्या वाडीत विहिरीला अजून पायऱ्याही नव्हत्या, त्या काळी तिथे ठकाई नावाची सुईण होती. वाडी धनगरांची, मेंढरांवर जगणारी. ठकाई तेव्हा पंचविशीचीही नव्हती. मूलबाळ नव्हतं, आणि नवरा मेंढरांमागे गेला तो परतलाच नाही. सासूच्या हाताखाली ती बाळंतपणं करायला शिकली, आणि सासू गेल्यावर वाडीतली सगळी बाळं तिच्याच हातात येऊ लागली. तिची बोटं चैत्रातही विहिरीच्या पाण्यासारखी गार असत, असं म्हणतात.

वाडीत एक रीत होती. मेंढरू आजारलं की त्याला तापल्या सळईने डागायचं. मेंढराला चालतं ते माणसालाही चालतं, असं थोरांनी ठरवलं होतं, आणि थोरांनी ठरवल्यावर कोणी विचारायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. कधी एखाद्या बाळंतिणीच्या काखेत गाठ फुगे. ही चोरगाठ, बाळाचं दूध चोरते, असं म्हणत आणि डागत. जखम भरे, पण कातडी आखडून हात पुन्हा खांद्याच्या वर जात नसे. अशा बायका वाडीत बऱ्याच होत्या. घागर डोक्यावर घ्यायला त्या दुसरीला हाक मारत, आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे.

मग सगुणा बाळंत झाली. दूध उतरलं तशा तिच्या दोन्ही काखा लिंबाएवढ्या फुगल्या आणि ठणकू लागल्या. सासू कोंडाबाईने म्हाकूबाबाला बोलावणं धाडलं. म्हाकूबाबा वाडीतला सर्वांत म्हातारा, डागायचं काम त्याच्याकडे. त्याने शेणींच्या निखाऱ्यांत सळई खुपसली. सगुणा बाळाला पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. दोन्ही हात गेले तर या पोराला उचलायचं कसं, एवढंच तिच्या मनात होतं.

बाळंतपण करणारी ठकाई तिथेच होती, आणि तिच्याही काखेत तसंच होतं. न्हाण आल्यापासून दर महिन्याला पाळीच्या आधी तिथे मऊ उंचवटा चढे, दुखे आणि मग आपोआप ओसरे. डागतील म्हणून तिने तो आजवर लपवला होता. ते छातीचंच मांस आहे, जागा सोडून काखेत राहिलेलं, हे तिला स्वतःच्या अंगावरून उमगलं होतं.

ती सळईच्या आणि सगुणाच्या मधे उभी राहिली. तिने चोळीची बाही उसवली आणि सगळ्यांसमोर हात वर केला.

"बाबा, आदी हितं डागा."

म्हाकूबाबाने मान फिरवली. "लाज हाय का न्हाई गं तुला?"

"तुमच्या शेळीला एक सड जादा निघालं तर तिला डागता का? मग हिनं काय केलंय?"

गाठ वाढून सून दगावली तर कोण बघणार, असं कोंडाबाईने विचारलं. ठकाई म्हणाली, "डोंगरापल्याड चरायला गेलेली मेंढरं परत येईस्तोवर थांबा, आत्या. तवर उतरली न्हाई, तर माझं दोन्ही हात डागा."

म्हाकूबाबाने रागाने सळई तिच्या काखेपाशी नेली, आणि लालभडक लोखंड तिथल्या तिथे काळं पडलं, असं म्हणतात. काहीजणी सांगतात की म्हाताऱ्यानेच सळई मागे घेतली. कसंही असो, डाग बसला नाही.

ठकाईने गाठी दाबू दिल्या नाहीत, चोळू दिल्या नाहीत. काखेत माठातल्या पाण्याची ओली घडी, चोळी सैल, आणि बाळाला नेहमीसारखं पाजायचं. एकदा काखेतल्या बारीक छिद्रातून दुधाचा थेंब आला, तेव्हा कोंडाबाई वाकून बघू लागली. ठकाईने तो पुसला आणि पुढच्या कामाला लागली. रोज मात्र तिची नजर डोंगराच्या वाटेकडे जाई. गाठी ओसरत होत्या, पण सावकाश.

मेंढरांची धूळ दिसली त्या दिवशी म्हाकूबाबा आपण होऊन आला. कोंडाबाईने सुनेच्या काखा चाचपल्या. जरासा मऊपणा होता, बाकी काही नाही. सगुणाने बाळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. म्हाकूबाबा उठून मेंढरांकडे निघून गेला.

पुढे लांबलांबच्या बायका ठकाईकडे येऊ लागल्या. ती सगळ्यांना एकच सांगत नसे. जिची गाठ त्रास देत नव्हती तिला ती म्हणे, राहू दे. एकीला गाठीमुळे जातं ओढता येईना, तेव्हा ठकाई तिला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे चालत गेली. तिथे भूल देऊन गाठ काढली, आणि त्या बाईचा हात नीट राहिला. हाताला नवी, कडक गाठ लागली तर मात्र ठकाई कोणाला बसूही देत नसे, आजच दवाखान्यात जा म्हणे. बोट ठेवलं की तिला गाठीतलं सगळं दिसे, असं म्हणतात. पण काही गाठी तिलाही कळत नसत, आणि ती तसं तोंडावर सांगे.

आजही बोरजाईच्या वाडीत पाचवीच्या पूजेला ठकाईच्या नावाचा एक पाट मांडतात. बाळंतिणीला त्यावर बसवतात आणि सुईण विचारते, "बाई, तुझं कुठं दुखतंय?" ती सांगून होईपर्यंत घरातल्या थोरांनी तोंड उघडायचं नाही.