अंगठ्याखालची नाडी

“...मग असा मुलगा डॉक्टर होणार कसा, सर?”

अनुरथ उबाळेनं हे उभ्याउभ्याच विचारलं. वॉर्डातला राउंड नुकताच संपला होता आणि खरवडकर सर आपल्या खोलीत चहा घेत बसले होते.

असा मुलगा म्हणजे सुमेध, अनुरथचा रूममेट. वॉर्डातली एक म्हातारी गेली, तर हा पठ्ठ्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून गावी निघून गेला. आता परत येऊ का म्हणून फोन करत होता.

अनुरथचं म्हणणं, येऊ नये. ज्याचं मन घट्ट नाही त्यानं या वाटेला जाऊच नये. अनुरथ वर्गात पहिला. ज्युनियर पोरांना शिकवायचा, सरांनाही कधीमधी दुरुस्त करायचा. पोरगा हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

तो बोलतच राहिला. बोलता बोलता स्टेथोस्कोप हाताला गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

सरांनी कप खाली ठेवला आणि मनगट पुढे केलं.

“जरा नाडी बघ रे माझी.”

अनुरथ चपापला. सरांचं वय झालेलं. सुमेधबिमेध सगळं विसरून त्यानं घाईघाईनं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, आणि त्याचा चेहराच उतरला. नाडी फार पळतेय म्हणाला. तुम्ही आडवे व्हा, मी ईसीजीचं बघतो, असं म्हणत दाराकडे निघालासुद्धा.

“थांब. पुन्हा बघ,” सर म्हणाले. “या वेळी तुझ्या हाताकडे बघ.”

अनुरथनं पुन्हा मनगट धरलं आणि खाली बघितलं.

त्यानं अंगठा लावला होता.

आता काय बोलावं! ही चूक पहिल्या वर्षाचं पोरगंसुद्धा फार तर एकदा करतं. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. तो लावला की पेशंटची नाडी राहते बाजूला आणि आपलीच मोजली जाते. म्हणून बोटं लावायची. ज्युनियरांना हे दरडावून सांगणारा अनुरथच.

त्यानं बोटं लावली. सरांची नाडी रविवारच्या दुपारसारखी निवांत चालली होती.

...

“कधीपासून?” सरांनी विचारलं.

अनुरथनं स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. मग सगळं बाहेर आलं. झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की तेच पान तासभर समोर राहतं. आईचा फोन आला की हसून बोलतो, आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसतो. सुमेध रडला तेव्हा त्याचा भयंकर राग आला, कारण आपल्याला तेवढंही जमत नव्हतं.

“कधी कधी वाटतं, सर... झोपावं आणि उठूच नये.”

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. त्याला ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि आपला उरलेला चहा त्याच्यापुढे सरकवला. बरं केलंस सांगितलंस, म्हणाले. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि आज मी तुला एकट्याला सोडणार नाही. आईला आपण दोघं मिळून फोन करू.

अनुरथनं मुकाट्यानं मान हलवली. चहा प्यायला. त्याला जरा हायसं वाटलं होतं.

पण मानसोपचाराच्या ओपीडीचं नाव निघालं आणि तो पुन्हा बिथरला. तिथं बाहेर बाकावर बसावं लागतं. अख्खं कॉलेज तिथूनच ये-जा करतं. ज्युनियर बघतील, सगळीकडे बोभाटा होईल. परीक्षा झाली की नक्की जातो, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

“त्या बाकावर, सर... मी?”

सर टेबलाखाली पायानं चपला शोधत होते. एक सापडली, दुसरी सापडली. ते उठले आणि त्यांनी अनुरथच्या खांद्यावर हात ठेवला.

“जरा सरकून बस म्हणजे झालं. मलाही आज तिथंच दाखवायचंय.”