मुदत दोघांचीही

महामार्ग विभागातल्या अभियंता शर्वरी तांडेल प्रतिनियुक्तीवर नगरपरिषदेत आल्या. शाळेसमोर पदपथ बांधायचा होता, पण नगराध्यक्ष गुंजाळ यांच्या मंगल कार्यालयाची भिंत रस्त्यावर सरकलेली होती. मुलं ट्रकांना चुकवत शाळेत जायची. शर्वरींनी भर सभेत भिंत पाडायला सांगितली.

गुंजाळ गरजले, "बाई, तुम्ही इथं पाहुण्या. मुदत संपली की परत जाल. पाहुण्यानं घरच्या भिंती पाडू नयेत!"

सभागृह हसलं. शर्वरींची कानशिलं तापली, पण आवाज चढला नाही. "खरंय, साहेब. मला खात्यानं पाठवलंय, तुम्हाला लोकांनी. मुदत दोघांचीही संपेल. मी खात्यात परत जाईन. तुम्हाला मात्र मतं मागायला याच रस्त्यानं फिरायचंय."

गुंजाळ स्वतःच हसले. "पाडा भिंत."

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलं नव्या पदपथावरून गप्पा मारत चालली होती.