पुरुषोत्तमशास्त्र्यांचं आभारपत्र

“पत्र कशाला? समोर तर बसला आहेस.”

भानुबुवांनी रेशमी रुमालात गुंडाळलेलं पत्र हातात घेतलं, पण उघडलं नाही.

पुरुषोत्तमशास्त्री जरा हिरमुसले. राजसभेत त्यांनी नुकतंच भल्याभल्या पंडितांना निरुत्तर केलं होतं. मानाची शाल अजून अंगावर होती. घरी न जाता ते तडक प्रवरेकाठच्या या मठात आले होते, लहानपणीच्या गुरूंचे आभार मानायला.

“बुवा, फार मनापासून लिहिलंय. वाचून तर बघा.”

“वाचीन की. आधी ऐकव.”

शास्त्र्यांनी डोळे मिटले. पत्र त्यांना तोंडपाठ होतं. ज्ञानसूर्य, कृपासिंधू, भवसागर... एकेक शब्द घोटून घोटून चकचकीत केलेला.

बुवांनी मध्येच हात वर केला.

“हे कुठल्याही गुरूला चालेल. यात माझं काय आहे?”

शास्त्र्यांनी डोळे उघडले.

“पाठ केलेलं राहू दे. आता सुचेल ते बोल.”

शास्त्र्यांच्या कपाळावर घाम आला.

लहानपणी त्यांची जीभ इतकी अडखळायची, की स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नसे. मठात आल्यावर श्लोक म्हणता म्हणता ती मोकळी झाली. पण पाठ केलेल्यापुरतीच. राजसभेतली उत्तरं आणि मघाची विनंतीसुद्धा त्यांनी आधी घोकून ठेवली होती. हे गुपित बुवांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बुवा, तु... तु...”

ओसरीवरचे शिष्य चमकून बघू लागले. एक जण लगबगीनं पुढं झाला.

“तुमची कृपा, असंच ना, शास्त्रीबुवा?”

भानुबुवांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागं सरला.

“तु... तु...”

शास्त्र्यांचा चेहरा लालबुंद झाला. शाल खांद्यावरून घसरली. उठावं आणि चालू पडावं, असं त्यांना वाटलं.

बुवा हलले नाहीत. मान डोलावली नाही, ओठ हलवले नाहीत. नुसते बघत राहिले...

हीच नजर. शास्त्र्यांना एकदम आठवलं. आई कळवळून त्यांचा शब्द पुरा करायची, वडील चिडून करायचे, पोरं खिदळत करायची. या एका माणसानं तो कधीच पुरा केला नव्हता.

“तु... तुम्ही थांबलात!”

आवाज असा मोकळा सुटला, की नदीपलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

“सगळे माझ्या तोंडातून श... शब्द ओढून घ्यायचे, बुवा. तुम्ही नाही घेतलात. माझं मला बोलू दिलंत!”

जीभ अडत होती, पण आता त्याची लाज वाटत नव्हती. ते रडत होते आणि हसतही होते. शिष्यांकडे वळून, मान ताठ करून ते म्हणाले,

“मी पु... पु... पुरुषोत्तम. यांचा शिष्य!”

या खेपेला पुढं कुणी सरसावलं नाही. राजसभेतल्या जयजयकारानंही त्यांचा ऊर असा भरून आला नव्हता.

त्यांनी वाकून बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“एवढा वेळ कसे हो थांबलात, बुवा?”

भानुबुवा हसले.

“अरे, मला तरी कुठं जायचं होतं?”