कड्यावरची मोजणी

दुर्जय राजाच्या राज्यात पंडितांची झोप उडाली होती. प्राणहिता नदीच्या काठी, एका उंच कड्याच्या टोकावर त्याचा दरबार भरायचा. "पृथ्वीचं वय किती?" राजा विचारायचा. एका पंडितानं पोथी बघून काही हजार वर्षं सांगितली, दुसऱ्यानं अब्जावधी. "तू मोजलंस?" असं म्हणून राजानं दोघांचाही कडेलोट केला.

तिसरी पाळी अनंतभटांची होती. तेव्हा त्यांची मुलगी सगुणा पुढे आली.

"बाबांच्या वतीनं मी मोजून सांगते, महाराज. पण मोजणी संपेपर्यंत आम्हाला अभय हवं."

"दिलं!" राजा भर दरबारात म्हणाला.

सगुणानं कड्याकडे बोट दाखवलं. वाळूच्या दगडाचे थर एकावर एक चढले होते. "हे सगळे नदीनं साचवलेत. आता काठच्या वाळूत एक खूण पुरा. तिच्यावर नवा थर साचून त्याचा दगड झाला, की एका थराला किती वर्षं लागतात ते कळेल. मग कड्याचे थर मोजू, त्याखालचेही मोजू, पार तळापर्यंत."

"अगं, वाळूचा दगड व्हायला किती पिढ्या जातील?"

"तेच मोजायचंय, महाराज. फक्त एवढं सांगून ठेवा, तोवर आपलं अभय पाळायला या गादीवर कोण असेल?"

राजानं खाली वाकून थरांकडे पाहिलं. मग दरबाराच्या मंडपाचा खांब घट्ट धरून तो हळूच कड्यापासून मागे सरकला.